जपानी विद्यार्थ्याची पाटी कोरी नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडचे काही जण आता ऑनलाइन जपानी लोकांना इंग्रजी शिकवतात, मी टोकियोत राहून तेच काम करते, म्हणून हे मनापासून सांगावंसं वाटलं. जपानमध्ये 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय आणि मुलं शब्दांची कार्डं घेऊन नुसती घोकत असतात, एका इंग्रजी शब्दाला एक जपानी शब्द, झालं. आपले शिक्षकही तेच करतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

कारण ह्या लोकांकडे इंग्रजीतून आलेले ढीगभर शब्द आधीच आहेत, कताकाना लिपीत लिहिलेले, फक्त अर्थ सरकलेला. मान्शोन म्हणजे साधा बिल्डिंगमधला फ्लॅट, त्यामुळे विद्यार्थी "मी मॅन्शनमध्ये राहतो" म्हणाला की तो बंगलेवाला नाहीये. कोन्सेन्तो म्हणजे भिंतीवरचं सॉकेट, कुरेमु (इंग्रजी क्लेम) म्हणजे तक्रार, सुमातो (स्मार्ट) म्हणजे सडपातळ. बुफेला तर बायकिंगु म्हणतात, 1958 मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने आपल्या बुफेला व्हायकिंगवरून नाव दिलं ते तसंच रुळलं. आणि परीक्षेत कान्निंगु (इंग्रजी कनिंग) म्हणजे आपण ज्याला कॉपी म्हणतो ते, म्हणजे इंग्रजी शब्दाचा अर्थ आपणही सरकवलाय की! तेव्हा "हे चूक आहे" म्हणून त्यांना गप्प करू नका प्लीज, तो शब्द कुठे चालतो आणि परदेशात ऐकणारा त्यातून काय समजेल एवढं सांगा.

उलट बाजूही आहे. जपानीत कपडे घालायला किरु, पॅन्ट-बुटांना हाकु, टोपीला काबुरु, चष्म्याला काकेरु, त्यामुळे मुलं इंग्रजीतही वेगवेगळी क्रियापदं शोधत बसतात. त्यांना सांगा की सगळ्याला वेअर चालतं, फक्त अंगावर चढवण्याची क्रिया असेल तर पुट ऑन. मोठा भाऊ आनी, धाकटा ओतोतो, इंग्रजीत नुसतं ब्रदर. कोमे म्हणजे तांदूळ, गोहान म्हणजे भात, इंग्रजीत दोन्ही राइस. इथे मराठी माणसाला खरंच सोपं जातं, आपण साडी नेसतो, चष्मा लावतो, तांदूळ आणि भात वेगळे म्हणतो, त्यामुळे मूल नेमकं कुठे अडलंय ते आपल्याला पटकन कळतं.

शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्थांना विनंती आहे की व्याकरणाआधी निदान एक दिवस ह्या शब्दांसाठी ठेवा, आणि यादी छापील देऊ नका, विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या, ते फार हौसेने सांगतात.

आपली एक वाचक,
टोकियो