छताकडे पाहत पडलेल्या माणसासाठी

प्रिय मित्रा,

छताच्या पॅनेलची तुझी चारही ड्रॉइंग मिळाली. टेबलावर पसरून पाहिली तेव्हा चौथं सगळ्यात आवडलं: मधोमध आठ पाकळ्यांचं फूल, चारी कोपऱ्यांत एकेक पान. मग तेच पलंगाच्या वर छताला चिकटवलं आणि त्याखाली दोन रात्री झोपलो. फूल देखणंच आहे रे, पण ते चुकीच्या जागी बसलंय. हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

हॉस्पिटलच्या वॉर्डाच्या फॉल्स सीलिंगचं काम तुझ्याकडे आलंय हे कळल्यापासून मला वॉर्डातले माझे ते अकरा दिवस आठवतायत. पाठ धरली होती, उताणं पडून राहायचं होतं. तू रोज संध्याकाळी यायचास, माझ्याशी बोलायचास, आणि मी तुझ्याकडे कमी, छताकडे जास्त पाहायचो. वरच्या टाइल्सवर किड्यानं पोखरल्यासारख्या बारीक भेगा होत्या, सगळ्या एकाच दिशेला वाहणाऱ्या. फक्त माझ्या डोक्यावरची एक टाइल काटकोनात फिरलेली. तिच्या भेगा आडव्या. वायरिंगसाठी कुणीतरी ती काढली असणार आणि परत ठेवताना मागचा बाण पाहिला नसणार. अशा दिशा असलेल्या टाइल्सच्या पाठीवर बहुधा बाण छापलेला असतो. सगळे बाण एकीकडे ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्या एका टाइलनं मला अकरा दिवस छळलं. डोळे मिटले तरी ती दिसायची. उभा माणूस खोलीत शिरतो, वर एकदा पाहतो आणि कामाला लागतो. पडलेल्या माणसाला दुसरं काही पाहायलाच नसतं. तुझी नक्षी त्याच्यासाठी आहे, हे आधी मनात पक्कं कर.

आता फुलाकडे येतो. वरचं गणित तुला माहीत आहे: ग्रिड, म्हणजे पॅनेल ज्यावर टेकतात ती धातूची चौकट, 600 मिमीची, पॅनेल 595 मिमीचं, आणि त्या चौकटीच्या टी आकाराच्या दांड्यांची (टी) खालून दिसणारी पट्टी 24 मिमीची. म्हणजे साध्या कडेच्या पॅनेलचं डोळ्यांना दिसणारं तोंड उरतं 576 मिमी. तू 595 चं चित्र काढलंस, त्यामुळे कोपऱ्यांतल्या पानांची टोकं पट्टीखाली जातील. पण ही किरकोळ गोष्ट, दुरुस्त होईल. खरी अडचण मधल्या फुलाची आहे. स्प्रिंकलर, स्पीकर, धुराचा सेन्सर हे सगळं बसवणारे लोक पॅनेलचा मध्य शोधतात, आणि बरोबरच करतात, मध्यावर ते नेटकं दिसतं. तुझ्या फुलाच्या गाभ्यातून धातूचं नळकांडं बाहेर आलेलं दिसेल. दर चार-पाच पॅनेलनंतर एक जखमी फूल. दिव्याच्या जागी तर अख्खं पॅनेलच नसेल.

म्हणून माझं म्हणणं, फूल फोड आणि कोपऱ्यांत ने. प्रत्येक कोपऱ्यात पाव फूल, चार पॅनेल जुळली की सांध्यावर पूर्ण फूल. मधली जागा शांत ठेव, ती यंत्रांची. इथे एक बारकावा आहे आणि तो मला स्वतः चुकल्याशिवाय कळला नाही. पाव फुलं नुसती कोपऱ्याला टेकवलीस, तर मधल्या 24 मिमीच्या पट्टीनं फूल ताणल्यासारखं दिसतं, पाकळ्या एकमेकींपासून ढकलल्यासारख्या. त्याऐवजी पूर्ण फूल 600 च्या चौकटीवर काढ, जणू पट्टी नाहीच, आणि मग पट्टीखाली येणारा भाग पुसून टाक. खिडकीच्या गजामागे झाड दिसतं तसं ते दिसतं. गजामागचा तुकडा डोळा आपसूक भरून काढतो आणि फूल अखंड वाटतं. कागदावर दोन्ही ड्रॉइंगमध्ये फरक दिसणारही नाही. छतावर दिसतो. शक्य असेल तर 15 मिमीची बारीक टी मागून घे, डोळ्याचं काम हलकं होईल.

आणि फिरवलेल्या टाइलचं काय? चारही कोपरे हुबेहूब सारखे असतील तर पॅनेल कसंही फिरवून बसवलं तरी फूल जुळतंच. बाण पाहायला विसरलेला इलेक्ट्रिशियन तुझं छत बिघडवू शकत नाही. दिशा असलेली नक्षी वाईट असते असं मी म्हणत नाही. 1704 मध्ये सेबास्तियन त्रुशे नावाच्या फ्रेंच पाद्रीनं कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या साध्या चौकोनी फरशीचा अभ्यास छापला. अशा दोनच फरशा शेजारी ठेवायच्या तर 64 रीती निघतात, आणि पुढे त्यातून गालिच्यांसारखे नमुने फुलतात. ते वाचल्यापासून मी कितीतरी रात्री कागदाचे तुकडे फिरवत बसलो आहे. तिथे फिरवणं हाच खेळ आहे. पण तो खेळ लावणाऱ्याच्या हाती नकाशा असेल तेव्हाचा. वॉर्डात पॅनेल वर्षानुवर्षं निघत आणि बसत राहणार, तिथे न बिघडणारी नक्षी हवी.

पाकळ्या पृष्ठभागातून किती वर उठाव्यात, त्या उठावाबद्दल तू 3 मिमी लिहिलंयस. तो दिसेल की नाही ते प्रकाश ठरवेल, तू नाही. खिडकीतून छताला घासत येणारा प्रकाश साधारण दहा अंशांनी आला तर 3 मिमीच्या उठावाची सावली 17 मिमी पडते. पाकळी जिवंत होते. पण छतातच बसवलेले दिवे खाली पाहतात. छतावर पोचतो तो जमिनीवरून, चादरींवरून परतलेला मवाळ उजेड, आणि त्यात सावली जवळजवळ मरते. माझं एक काम असंच गेलं होतं: दिवसा अप्रतिम, संध्याकाळी दिवे लागले की कोरी पाटी. तेव्हा खिडकीजवळच्या दोन ओळींवर विसंबू नकोस. पाकळीच्या कडेला धार देऊ नकोस, उतार दे. धारेखालच्या खाचेत धूळ बसते आणि वॉर्डातलं छत पुसावं लागतं. उताराला सावली नसली तरी उजळ-मंद छटा असते, ती मवाळ उजेडातही थोडी तग धरते.

खालून कसं दिसतं त्याचाही हिशेब कर. उभ्या माणसाचा डोळा 1.6 मीटरवर, छत 3 मीटरवर, तर चार मीटर लांबचं पॅनेल त्याला एक तृतीयांशाइतकं चपटं दिसतं. त्याच्या डोळ्यात फूल उरत नाही, नुसत्या ओळी उरतात. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटात खणांच्या, म्हणजे आत खोल गेलेल्या चौकटींच्या, पाच ओळी आहेत, प्रत्येक ओळीत 28 खण, वर जाताना लहान होत जाणारे. आणि खणांच्या आतल्या पायऱ्या खाली उभ्या असलेल्या माणसाची नजर धरून सरकवलेल्या आहेत. बांधणाऱ्यांनी पाहणाऱ्याला जमिनीवर उभं केलं आणि मग वर कोरलं. तू तुझ्या पाहणाऱ्याला पलंगावर झोपव. त्याला डोक्यावरची चार पॅनेल सरळ दिसतात, बाकीची सगळी तिरपी. म्हणजे फुलानं जवळून फूल असावं आणि लांबून शांत ओळ व्हावी.

आवाज शोषण्यासाठी पॅनेलला असतात ती बारीक भोकं काढून टाकू का, असं तू विचारलंस. घाई करू नकोस. आवाज खोलीत किती वेळ रेंगाळतो ते हार्वर्डमध्ये वॉलेस सेबीन या भौतिकशास्त्रज्ञानं 1895 पासून मोजायला घेतलं, तेही नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणून, रात्रीच्या शांततेत. मऊ, सच्छिद्र पृष्ठभाग आवाज गिळतो हे त्याच्या मोजणीनं आकड्यांत आलं. वॉर्डात रात्री ट्रॉलीचं चाक, कुणाचा खोकला, पडलेला पेला, सगळं घुमतं, मी ऐकलंय. भोकं नक्षीत घे. 6 मिमीची भोकं 15 मिमी अंतरावर चौकटीत घेतलीस तर साडेबारा टक्के भाग उघडा होतो. फुलाजवळ ती विरळ, मध्याकडे दाट कर, म्हणजे शांत ठेवलेली मधली जागा कामाचीही होईल. मात्र उघडी भोकं तिथे चालतील की वरून पातळ पडदा लागेल, हे स्वच्छतेची जबाबदारी असलेल्यांना आधी विचार.

डिझाइन नोंदवायचं म्हणतोस. अमेरिकेतली डिझाइन पेटंटची, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावर हक्क नोंदवण्याची, रीत मला फार शिकवून गेली. दावा एका वाक्याचा, बाकी सगळं चित्र सांगतं. सलग रेषेत काढलेलं तुझं, तुटक रेषेतलं नुसता परिसर. केवळ कामापुरता ठरलेला आकार चालत नाही, शोभेचा हवा. 13 मे 2015 पासूनच्या अर्जांना मंजुरीनंतर 15 वर्षं संरक्षण मिळतं. अर्ज कर किंवा करू नकोस, पण एका संध्याकाळी बसून सलग आणि तुटक रेषांत तुझं पॅनेल काढच. कड तुटक होईल, टी तुटक होईल, भोकांच्या ओळी कदाचित सलग. चार पॅनेल एकत्र काढशील तेव्हा मधलं फूल कुठल्या रेषेत काढावं, तिथे तुझा हात थबकेल. मी तिथे दोन दिवस थबकलो होतो.

नवं ड्रॉइंग झालं की खऱ्या मापात छाप, चार प्रती, मध्ये 24 मिमीची करडी पट्टी ठेवून. मी येतो. तुझ्या खोलीच्या छताला लावू, दिवा एकदा खिडकीकडून धरू, एकदा विझवू, आणि दोघं जमिनीवर पडून पाहू. शिडी तेवढी मागवून ठेव, माझी पाठ आता चढू देते.

तुझाच,
छताकडे पाहणारा मित्र