दहा तारखेची गोळी साइटवरच्या पोरांपर्यंत पोचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना त्या दिवशी अंगणवाडीत, शाळेत, कॉलेजात जंताची गोळी देतात. माझा मुलगा नववीत आहे, त्याला शाळेत मिळते. घरी येऊन "बाबा, आज गोळी दिली" एवढंच सांगतो आणि विषय संपतो.

मी धायरी भागात बांधकामावर सुपरवायझर आहे. आमच्या साइटच्या मागं पत्र्याच्या पस्तीस खोल्या आहेत आणि उन्हाळ्यात तिथं सव्वीस पोरं होती. त्यातलं एकही कुठल्या शाळेच्या पटावर नव्हतं. हे पत्र त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मार्च महिन्यातली गोष्ट. लातूरकडची एक बाई वाळू चाळत होती. तिची चार वर्षांची मुलगी बाजूला खेळता खेळता ओकली. ओकारीत वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी किडा पडला. आईनं आधी पोरीच्या पाठीत धपाटा घातला, "गांडूळ खाल्लंस काय गं?" म्हणून. मी जवळ गेलो तेव्हा तो अजून वळवळत होता. तसाच रिक्षा करून मायलेकींना दवाखान्यात घेऊन गेलो. पोरीचं वजन भरलं अकरा किलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा मोठा जंत, आणि पोटात एकटाच नसणार. बाहेर रांग लागली असतानाही त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं, याचे मी आभार मानतो. या जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचातून बाहेर पडतात, पण लगेच कुणाला बाधत नाहीत. ओल्या, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरली की मग ती पोटात गेल्यावर त्यांचे जंत होतात.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा तळमजला उभा राहिला. काँक्रीटला आम्ही रोज पाणी मारतो, ते सगळं झिरपत खाली येतं. स्लॅबखाली ऊन म्हणून नाही. भर एप्रिलमध्येसुद्धा तिथली माती सुकत नाही. पोरं तिथंच आडोशाला बसतात, तिथल्याच वाळूच्या ढिगात घरं बांधतात आणि त्याच हातांनी भाकरी खातात. अंडी मुरायला याहून चांगली जागा कुणी ठरवून केली असती तरी झाली नसती.

दुसरा एक जंत आहे, अंकुशकृमी. त्याला तोंडाची वाट लागतच नाही. त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशाशी येतात आणि गिळल्या की आतड्यात उतरतात. तिथं भिंतीला चिकटून रक्त पितात. पोर पांढरं पडतं, दमतं, कशातच लक्ष लागत नाही. आमच्याकडे पायात चप्पल असलेलं पोर शोधावं लागतं. पायाला खाज सुटली तर चिखल्या म्हणून सोडून देतात.

दवाखान्यात पोरीची आई सारखी म्हणत होती, "गूळ लई खाती, म्हणून झालं." माझी आईही हेच म्हणायची. आम्ही झोपेत दात खाल्ले की दुसऱ्या दिवशी वावडिंगाचं पाणी ठरलेलं. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "गुळानं नाही गं, गूळ धरलेल्या हाताला माती असते, तिनं होतात."

आता माझी स्वतःची चूक सांगतो. साइटवर आम्ही सहा संडास बांधले होते, पण ते मोठ्या माणसांच्या मापाचे, खोल्यांपासून लांब आणि आत अंधार. चार वर्षांचं पोर त्या भांड्यावर बसूच शकत नाही, पाय घसरेल म्हणून घाबरतं. पोरं वाळूच्या ढिगामागं जातात हे मला कित्येक वर्षं दिसत होतं. "पोरंच आहेत" म्हणून मी कानाडोळा केला. मार्चनंतर मालकांशी बोललो आणि खोल्यांच्या अगदी जवळ दोन छोटे संडास केले. उरलेल्या टाइल्स, लहान भांडं, दोन फुटांचं दार, आत बल्ब आणि बाहेर पोरांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ. गवंड्याचं दोन दिवसांचं काम. पहिला आठवडा पोरं नुसती नळाशीच खेळली, मग जायला लागली.

गोळीचं मात्र एवढं सोपं गेलं नाही. मी अंगणवाडीत चौकशी केली तेव्हा कळलं की शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही अंगणवाडीत गोळी द्यायचीच असते, तशी योजनेतच तरतूद आहे. हा कार्यक्रम देशात २०१५ साली सुरू झाला, आणि इतक्या वर्षांत आमच्या एकाही लेबर कॅम्पवर ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारली नव्हती. १० फेब्रुवारीची गोळी तर हुकलेलीच होती. शेवटी डॉक्टरबाईंच्या सल्ल्यानं आम्ही अल्बेंडाझोल आणली. तीन वर्षांवरच्या पोराला ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी चावून खायची, दोन ते तीन वर्षांच्या पोराला अख्खीच पण चुरा करून, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरा करून. आजारी पोराला त्या दिवशी देत नाहीत. चहा-क्रीमरोलच्या भावात मिळते ही गोळी. दोन-तीन पोरांची पोटं दुखली तेव्हा बाया घाबरल्या. पोटात जंत जास्त असले की थोडा वेळ असा त्रास होतो, हे आधीच सांगितलं असतं तर घाबरल्या नसत्या.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा विहिरींचं, टँकरचं पाणी तपासलं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. तसंच कुणीतरी आता मातीकडेही बघावं, एवढं माझं म्हणणं आहे.

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातच मजुरांच्या राहण्याच्या जागी संडास आणि न्हाणी हवी, पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर हवं, असं लिहिलं गेलं. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेससारखी संस्था साइटवर पाळणाघरं चालवते. पण आमच्यासारख्या मधल्या साइटवर बाया पंधरा-वीसच असतात. तो पन्नासाचा आकडा कधी भरला नाही आणि पोरं उघड्यावरच राहिली.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे की १० ऑगस्टला, निदान त्यानंतर राहिलेल्यांसाठी जो दिवस ठेवतात त्या दिवशी, आशाताई आणि अंगणवाडीताईंना साइटवर पाठवा. सकाळी नऊच्या आत या, हजेरीच्या वेळी सगळी माणसं एका जागी सापडतात. साइट कुठं कुठं चालू आहेत ते बांधकाम परवान्याच्या कागदांवर आहेच. बिल्डरांच्या क्रेडाई संघटनेनं आपल्या सभासदांना छोट्या संडासांचं सांगावं. हवा असेल तर आमचा नकाशा मी देतो. गोळीनं पोटातले जंत मरतात, पण पुढच्यांना ती अडवत नाही. माती तशीच राहिली तर पोर तीन-चार महिन्यांत पुन्हा तिथंच.

आमचं स्लॅबचं काम जूनमध्ये संपलं आणि ती लातूरची माणसं वाघोलीच्या साइटवर गेली. पोरीचं वजन जाताना साडेबारा किलो होतं. वाघोलीत त्यांच्या खोल्यांपासून जवळची अंगणवाडी कुठली, ते फोन करून विचारून घेतलं आहे. पोरीच्या वडिलांच्या हजेरीच्या वहीत, ऑगस्टच्या पानावर, १० तारखेपुढं मी तिचं नाव आणि अंगणवाडीचा पत्ता लिहून दिला आहे.

आपला,
एक बांधकाम सुपरवायझर
धायरी, पुणे