फोन बॅगेत ठेवून

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, शहर किती बदललंय असं तुम्ही विचारलंत आणि मी "बरंच" एवढंच म्हणून सुटले. इमारती उंच झाल्या, रस्ते रुंद होऊनही अपुरे पडतात, हे तुम्ही दादाकडे बसूनही ओळखाल. मला जाणवलेला बदल वेगळा आहे. आता शहरात राहूनही शहरात पाऊल न टाकता राहता येतं. ऑफिस घरातल्या टेबलावर, बिलं फोनवर, सामान आणि औषधं दारात. मुद्दाम आपल्या या शहरात परत आले खरी, पण दिवसचे दिवस उंबरठा ओलांडायचं कारणच पडत नव्हतं.

शहराच्या बातम्याही स्क्रीनवरच. परिसराच्या ग्रुपवर खड्डे, पार्किंगची भांडणं आणि हरवलेली मांजरं. तेवढंच वाचत राहिलं की वाटतं, इथं माणसं फक्त वैतागायला राहतात. (मांजर सापडलं की मात्र कुणी कळवत नाही!)

म्हणून हल्ली संध्याकाळी पायी निघते. निघण्याआधी नकाशा एकदा नीट बघायचा, मग फोन बॅगेत. नकाशात उत्तर दिशा कायम वर ठेवते. आपण वळलो की तोही वळतो, ती सोय बंद केलीय. तिच्यामुळे पुढचं वळण कळतं, पण आपण शहराच्या कुठल्या अंगाला आहोत ते कळत नाही. बाबा, तुम्हाला ते कसं कळायचं कोण जाणे. अनोळखी गल्लीत शिरूनही तुम्ही "नदी आपल्या उजव्या हाताला आहे" असं सांगायचात आणि ती असायची.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांविषयी वाचलं तेव्हा तुमचीच आठवण झाली. परवान्यासाठी त्यांना लंडनच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉस चौकाभोवतालचे सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं, की या चालकांच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. मुळातच तसा मेंदू असणारे लोक या धंद्यात येतात, अशी शंका कुणालाही येईल. ती 2011 च्या अभ्यासानं बरीच दूर केली: शिकाऊ चालकांपैकी जे परीक्षा पास झाले, त्यांच्यातच ही वाढ दिसली. म्हणजे रस्ते शिकता शिकता प्रौढ मेंदूही बदलतो. माझ्यासारखीला तेवढी आशा पुरे आहे.

आई, तुझं गणित निराळं. तुला रस्ते कधीच लक्षात राहिले नाहीत, माणसं राहायची. नावही माहीत नसलेल्या बाईशी तू बसस्टॉपवर इतकं बोलायचीस, की मी तुझा पदर ओढायचे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1973 साली अशा तोंडओळखींचं मोल दाखवून दिलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या बऱ्याच जणांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती. सोपं आहे ना? जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतंच. आपला व्हिडिओ कॉल रोज होतो आणि तो मला हवाच आहे, पण जवळच्यांपुरतं तो भागवतो. ही बसस्टॉपवरची माणसं फोनमध्ये येत नाहीत. शनिवारी ग्रंथालयात जाऊन बसते, तर परवा तिथल्या बाई म्हणाल्या, "मागच्या शनिवारी दिसला नाहीत?" एवढ्या एका वाक्यानं मी किती खूश झाले, ते फक्त तुलाच कळेल.

आता काम. 1960 साली केविन लिंच या नगररचनाकाराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून त्यानं आपापल्या शहराचे नकाशे मनानं काढून घेतले होते. जर्सी सिटीवाल्यांना स्वतःच्या शहरातल्या खुणा फारशा सांगता येईनात. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कच्या इमारती मात्र आठवत होत्या! माझा नकाशा मी काढला, तर घराभोवती थोड्या रेषा आणि पुढे कोरा कागद. मला तुमचे नकाशे हवे आहेत. दोघांनी वेगवेगळे काढा, एकमेकांचं बघायचं नाही, फोन उघडायचा नाही. बाबा, आईचा चुकला तरी दुरुस्त करू नका. तिच्या नकाशात रस्ते वाकडे असतील, पण कोण कुठे राहायचं ते तिथंच सापडेल.

ते हातात घेऊन आपण तिघं फिरू. दादाला सांगून ठेवलंय, हवा निवली की तो तुम्हाला आणून सोडेल. आईच्या गुडघ्यांचा विचार करून बसायला बाकं कुठे आहेत ते मी चालताना बघून ठेवतेय. नदीकाठी पुष्कळ आहेत, स्टेशनच्या रस्त्याला एकही नाही, म्हणून तिकडे बसनं जाऊ. बाबांनी काठी आणायची आहे. "मला गरज नाही" चालणार नाही.

तुमची,
धाकटी