'मूत्रविसर्जनाची तीव्र इच्छा' कुणाला होते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत बायकांसाठी तो चौकोन छापला होतात ना, "तुमचे मूत्राशय निरोगी आहे का", टिक करा आणि मार्कांची बेरीज करा वाला, त्याबद्दल लिहितेय. विषय काढलात ते बरंच केलंत, कारण खोकलं की कपडे ओले होतात हे आपल्याकडे बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. पण पहिलाच प्रश्न "आपणांस अचानक मूत्रविसर्जनाची तीव्र इच्छा होते का". माझ्या सासूबाईंनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, इच्छा कशाला होईल गं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवते, आणि काही वर्षं जर्मनीत काम केलंय. जर्मनी आणि तुर्कस्तानच्या १९६१ च्या कामगार करारानंतर तिकडे कामाला आलेल्या तुर्की कुटुंबांतल्या आज्या माझ्याकडे यायच्या, त्यांना तुर्की भाषेतला फॉर्म द्यायचा असायचा, म्हणून थोडी तुर्की कानावर पडली. भाषांतर म्हणजे नुस्ता शब्दाला शब्द नाही हे मला तिथे कळलं.

त्यांच्याकडे लघवीला शिष्ट शब्द इद्रार, पण घरातल्या बोलण्यात क्युचुक अब्देस्त, म्हणजे 'छोटं अब्देस्त', अब्देस्त म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं. मला हसूच आलं, कारण आपली लघवीपण त्या लघु मधूनच आलेली, दोघींनी लाजून 'छोटं'च म्हटलंय! मूत्राशयाला डॉक्टर मेसाने म्हणतात आणि आज्या इद्रार तोर्बासी, तोर्बा म्हणजे पिशवी, आपण नाही का लघवीची पिशवी म्हणत, अगदी तेच. गळण्याला जे क्रियापद आहे काचिर्माक, तेच बस चुकली तरी वापरतात आणि कुणाला पळवून नेलं तरी. म्हणजे लघवी पळून गेली, हातची निसटली. किती नेमकं आहे बघा.

खरी गोची घाईच्या प्रश्नात होते. डॉक्टरांना हवी असते ती अचानक येणारी, थोपवता न येणारी घाई, तो आजार. तुर्कीत त्याला सिकिश्मा म्हणतात, पण मूळ शब्द दाबलं जाण्याचा, चेंगरण्याचा, ट्रॅफिक जॅमलासुद्धा त्याच धातूचा शब्द आहे, आणि चहा जास्त झाला म्हणून साधी जोरात लागली तरी बाई म्हणते सिकिश्तिम. मग नुस्तं "सिकिश्मा होते का" विचारलं तर जगातली प्रत्येक बाई हो म्हणणार. म्हणून आधी 'आनी', म्हणजे अचानक, असं जोडावं लागतं. आपल्याकडे "लागली" आणि "धरवत नाही" यात जो फरक आहे तोच हा, आणि तुमच्या चौकोनात तो सापडला नाही.

दुसरं असं की काही प्रश्न भाषेचे नसतातच, जगण्याचे असतात. त्रासाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे विचारणारा आयआयक्यू-७ नावाचा सात प्रश्नांचा फॉर्म मूळ अमेरिकेतला, तुर्की बायकांमधे तो २००७ मधे तपासून घेतला गेला. त्यात विचारलंय की पोहणं, सिनेमा, कॉन्सर्ट, घरापासून अर्ध्या तासापेक्षा लांब गाडीचा प्रवास यात अडचण येते का. आता तुर्कस्तानात अनातोलियाच्या खेड्यातली आजी पोहायला कुठे जाणार? ती "अजिबात नाही" वर टिक करणार आणि तिचा स्कोअर मस्त कमी येणार! माझ्या आज्यांची खरी अडचण होती नमाजाची. थेंब गेला की अब्देस्त तुटतं, म्हणजे ते हातपाय धुणं परत करायचं, हिवाळ्यात, दुखऱ्या गुडघ्यांनी, दिवसातून पाच वेळा नमाज. हे त्या सात प्रश्नांत कुठेच नाही. आणि शेवटी "फ्रस्ट्रेटेड वाटतं का", त्याला तुर्की डिक्शनरीत जो शब्द मिळतो त्याचा अर्थ होतो अपेक्षाभंग, आता लघवीकडून कसली अपेक्षा!

म्हणून असे फॉर्म बनवताना आधी भाषांतर करतात, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घेतात आणि काय सांडलं ते बघतात, मग खऱ्या पेशंट बायकांना एकेक प्रश्न वाचायला देऊन विचारतात की बाई तुला यात काय समजलं, आणि काही दिवसांनी त्याच बायकांकडून परत भरून घेतात, उत्तरं जुळतात का बघायला. लघवी गळण्याबद्दल विचारणारा आयसीआयक्यू नावाचा शॉर्ट फॉर्म मार्कांच्या तीन प्रश्नांचा, जास्तीत जास्त २१ गुण, पण त्या तिघांसाठीसुद्धा हे सगळं करावं लागतं, कारण "थोडी" म्हणजे किती हे प्रत्येक बाईचं वेगळं असतं.

तुमच्या चौकोनाखाली छापलं होतं की ८ किंवा जास्त मार्क आले तर डॉक्टरांना भेटा. हा आकडा मुळात एका इंग्रजी फॉर्मचा, प्रश्न बदलले की तो तसाच चालेल असं कुणी तपासलंय का? पुढच्या वेळी छापायच्या आधी ऑफिसातल्या चार बायकांना वाचायला द्या, एक तरी पन्नाशीच्या पुढची असू दे. आणि मूत्रविसर्जनाच्या जागी सरळ लघवी छापा, कुणी लाजणार नाही.

आपली,
एक वाचक, मिरज