चिवटपणाच्या नावाखाली टाळलेली जबाबदारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाचा ताण असह्य झाल्याची तक्रार आली, की रिकाम्या जागा भरण्याऐवजी 'रेझिलियन्स' म्हणजे चिवटपणा वाढवण्याची कार्यशाळा घ्यायची आणि वर्गातील छळाबद्दल सांगणाऱ्या मुलाला 'मन खंबीर कर' म्हणून परत पाठवायचे, ही पद्धत कार्यालयांत व शाळांत रुळत चालली आहे. ती अन्यायकारक आहेच. शिवाय ज्या संशोधनाचा आधार घेऊन ती राबवली जाते, त्याच्याशीही ती विसंगत आहे.

मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके अभ्यास केला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे सक्षम आणि आत्मविश्वासू प्रौढ झाली. बहुतेक वेळा एवढेच सांगितले जाते. त्यात या मुलांच्या स्वभावाचा वाटा होता हे खरे. पण त्यांना लहानपणी भक्कम आधार देणारे निदान एक तरी माणूस लाभले होते, मग ते आजी-आजोबा असोत, शिक्षक असोत की शेजारी. उरलेल्यांपैकी अनेकजण किशोरवयात अडचणीत आले, तरी पुढे शिक्षणाची नवी संधी किंवा चांगला जोडीदार मिळाल्यावर त्यांतलेही पुष्कळजण सावरले. माणसांचा आधार आणि नवी संधी या दोन्ही गोष्टी देणे बऱ्याच अंशी शाळेच्या आणि मालकाच्या हाती असते, आणि नेमक्या त्याच वगळून चिवटपणाचा उपदेश केला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे कामामुळे पार थकून जाण्याच्या अवस्थेची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली. संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना व्यक्तीला ताण हाताळायला शिकवण्यापुरत्या थांबत नाहीत. ताण निर्माण करणारी कामाची परिस्थिती बदलण्याचीही शिफारस त्या करतात.

शाळेतील नुकसान मला अधिक गंभीर वाटते. आपल्यावर होणारा अन्याय सांगणे हा दुबळेपणा आहे, असे एकदा मुलाच्या मनावर बिंबले की ते पुढच्या वेळी सांगतच नाही. आणि त्याचे गप्प राहणे हीच त्याची प्रगती मानली जाते. नोकरीत हेच मूल्यमापनाच्या रूपाने येते: तक्रार न करणारा कणखर ठरतो, तर धोका वेळीच दाखवून देणाऱ्याचे गुण कमी होतात.

अशा कार्यशाळांना माझा सरसकट विरोध नाही. मात्र कार्यशाळा जाहीर करतानाच, ताणाची कोणती कारणे संस्था स्वतः दूर करणार आहे, कधीपर्यंत आणि कुणाच्या जबाबदारीवर, हे तिने कर्मचाऱ्यांना किंवा पालकांना लेखी कळवावे, आणि 'ताण सहन करण्याची क्षमता' हा निकष मूल्यमापनातून काढून टाकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक