मोर्चा संपल्यावर पुढे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. परवा तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं की मोर्चे म्हणजे नुसता ट्रॅफिकचा खोळंबा, हाती काही लागत नाही. खोळंबा होतो हे खरंय (लोकलवाल्यांना विचारा!), पण हाती काही लागत नाही हे पटलं नाही.

मार्च २०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च आठवा. नाशिकपासून जवळपास १८० किमी चालत आलेली माणसं, त्यात कितीतरी आदिवासी, पायांना फोड आलेले. ११ तारखेला सोमय्या मैदानात मुक्काम होता आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, पोरांचे हाल नकोत म्हणून ही मंडळी झोप सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली. एरवी ज्या मुंबईने शिव्या घातल्या असत्या तीच पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आली आणि १२ तारखेलाच सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. मंत्रालय मोर्चात किती लोक आहेत ते बघतंच, पण फुटपाथवर उभा असलेला माणूस कुणाकडे झुकतोय ते जास्त बघतं.

पण आपली माया दोन दिवसांची. वनहक्काचे दावे (आदिवासी कसतात त्या वनजमिनीवरच्या हक्काचे) सरकार सहा महिन्यांत निकाली काढू म्हणालं होतं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक परत निघाले, २०२३ ला परत, त्या वेळी मुंबईच्या अलीकडे वाशिंदलाच थांबले. तेव्हा मुंबईतून चपला घेऊन कोण गेलं होतं?

मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीचं तसं झालं नाही. १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, लोक चिडले, आणि तो राग १९५७ च्या निवडणुकीपर्यंत टिकवला, अमर शेख, अण्णाभाऊंसारखे शाहीर होते म्हणून टिकला असंही म्हणता येईल. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दणका दिला तेव्हा कुठे दिल्लीला ऐकू आलं, तरी १ मे १९६० उजाडायला तीन वर्षं लागलीच. आणि पहिलीपासून हिंदी आणणारे जीआर (शासन निर्णय)? त्यांच्याविरुद्धचा ५ जुलै २०२५ चा मोर्चा निघायच्या आधीच २९ जूनला रद्द, कारण पालिका निवडणुका तोंडावर होत्या, वेगळं काय सांगायचं.

म्हणून तुमच्या पेपरला एक विनंती, मोर्चाचे फोटो पहिल्या पानावर छापता ना, तसंच सहा महिन्यांनी त्या लेखी आश्वासनांचं काय झालं तेही छापा, आतल्या पानावर छापलंत तरी चालेल.

– एक वाचक, लालबाग, मुंबई