पडद्याचा रंग नंतर, आधी पन्हा मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या पुरवणीत घरसजावटीची पाने येतात. कोणता रंग कोणत्या भिंतीवर खुलतो, सोफ्याला कोणती नक्षी शोभते, हे त्यात छान मांडलेले असते. पण कापड किती मीटर घ्यायचे, गादीत कापूस किती भरायचा, फोम कसा पारखायचा, हे कुठेच नसते. लोकांचे पैसे वाया जातात ते नेमके इथे. पडदे, सोफा आणि गाद्यांचे काम ज्यांच्या हाताखालून रोज जाते, अशा आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. माप चुकले तर मात्र आवडता रंगही डोळ्यांसमोर नकोसा होतो.

पडद्यापासून सुरुवात करू. सर्वांत जास्त चूक होते ती खिडकीच्या चौकटीचे माप घेऊन तेवढाच पडदा शिवण्यात. माप चौकटीचे नव्हे, दांडीचे घ्यायचे. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच पुढे हवी. म्हणजे पडदा सरकवला की त्याची चूण भिंतीवर जाते आणि काच पूर्ण मोकळी राहते. पाच फुटी खिडकी धरा. ६० इंच आणि १६ इंच मिळून दांडी झाली ७६ इंचांची. रिंगांच्या पडद्याला दांडीच्या पावणेदोन ते दोन पट कापड लागते, चुण्या घालून शिवायचा असेल तर दोन ते अडीच पट. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा ४८ इंचांचा असतो. दोन पन्हे घेतले तर होतात ९६ इंच, म्हणजे जेमतेम सव्वापट. असा पडदा ओढून घेतला की दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. गिऱ्हाईक शिलाईला दोष देते, पण कमी पडलेले असते कापड. या खिडकीला रिंगांसाठी किमान तीन पन्हे हवेत आणि चुण्यांसाठी चार.

तीन पन्हे दोन बाजूंना वाटले की प्रत्येकी दीड पन्हा येतो. जोडलेला अर्धा पन्हा नेहमी भिंतीकडच्या बाजूला ठेवायला सांगा. मधोमध आला तर जोड उजेडात ठळक दिसतो. दीड पन्ह्याच्या पडद्याला कडा दुमडल्यावर साधारण ६८ इंच रुंदी उरते आणि त्यात १२ रिंगा बसतात, मध्ये सुमारे पावणेसहा इंचांचे अंतर ठेवून. रिंगांची संख्या समच हवी. विषम झाली तर एक टोक भिंतीकडे वळते आणि दुसरे खोलीत बाहेर येऊन उभे राहते. ते कितीही दाबले तरी बसत नाही.

आता उंची. दांडीपासून जमिनीपर्यंत ८४ इंच असेल तर कापड ९६ इंच कापावे लागते. वर बक्रम (कडक कापडी पट्टी) घालून चार इंचांची दुमड, खाली चार-चार इंचांची दुहेरी दुमड, असे बारा इंच त्यात जातात. खालची दुमड दुहेरी ठेवण्याचे कारण म्हणजे वजन. जड काठामुळे पडदा सरळ पडतो आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडत नाही. तीन पन्ह्यांचे झाले २८८ इंच, म्हणजे ७.३ मीटर. मोठी नक्षी असेल तर हिशेब बदलतो. नक्षी दर २५ इंचांनी पुन्हा येत असेल तर प्रत्येक पन्हा २५ च्या पटीत, म्हणजे १०० इंच कापायचा. नाहीतर शेजारच्या पन्ह्यांवरची फुले एका रेषेत येत नाहीत. शिवाय ताग्याची सुरुवात नक्षीच्या मधूनच असू शकते, म्हणून वरती एक आवर्तन जादा घ्या. तयार पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर राहू द्या. जमिनीवर लोळणारे पडदे मासिकातल्या फोटोत शोभतात. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते, आणि ओल्या फडक्याने खालचा काठ महिन्याभरात काळपट होतो.

सुती कापड घेणार असाल तर ते शिवायला टाकण्याआधी भिजवाच. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इंच आकसते, हातमागाचे कधी त्याहूनही जास्त. ८४ इंचांचा पडदा तीन-चार इंच वर गेला की घोट्याच्या वर पॅन्ट चढल्यासारखा दिसतो आणि तो पुन्हा खाली येत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा, मग कापायला द्या. अस्तरही वेगळे भिजवा. पडदा आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आकसले तर खालच्या बाजूला फुगे येतात. त्यासाठीच अस्तर पडद्याच्या काठाला न शिवता सुटे सोडायचे आणि एक इंच आखूड ठेवायचे.

अस्तराचे पैसे वाचवू नयेत असे आमचे ठाम मत आहे, पश्चिमेच्या खिडकीला तर मुळीच नाही. महागाचे कापड अस्तराशिवाय दुपारच्या उन्हात टांगण्यापेक्षा मध्यम किमतीचे कापड अस्तर लावून टांगलेले बरे. हल्ली आजीच्या पैठणीचे किंवा जुन्या रेशमी साडीचे पडदे शिवून घेण्याची हौस वाढली आहे. कृपया असे करू नका. रेशीम उन्हाने कुजते, आणि चुणीच्या घडीवरच उभे फाटते. त्या साडीचे लोडाचे अभ्रे करा, ते उन्हापासून दूर ठेवा. पुढच्या पिढीलाही ती पाहता येईल.

उजेड पूर्ण अडवणाऱ्या ब्लॅकआऊट कापडाच्या मागे लेप असतो. मशीनमध्ये पिळून काढले की त्या लेपाला घडीवर भेगा पडतात आणि उन्हात चांदण्या चमकाव्यात तशी भोके दिसू लागतात. हे कापड हाताने धुवायचे, पिळायचे नाही, निथळत टांगायचे.

दांडीबद्दल थोडे. सहा फुटांपेक्षा लांब दांडीला मधला आधार लागतो आणि रिंगा त्या आधारावरून सरकत नाहीत. म्हणून मधला ब्रॅकेट दोन पडदे मिळतात तिथेच, बरोबर मध्यावर हवा. नव्या इमारतींत भिंती हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्यात स्क्रू धरणारी नेहमीची प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली तर पडदा चार वेळा ओढल्यावर भोक मोठे होते आणि स्क्रू बाहेर येतो. खिडकीच्या लगेच वर काँक्रीटचा लिंटल, म्हणजे आडवी पट्टी असते. चौकटीपासून चार इंच वर भोक घेतले तर ते बहुधा त्यातच येते. हॅमर ड्रिल लागते, वेळ जातो, पण तो आधार हलत नाही. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर लोखंडी दांडी नकोच. खाऱ्या हवेने गंज धरतो आणि रिंगांचे डाग कापडावर उतरतात. तिथे स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियम वापरावे.

घरात लहान मूल असेल आणि रोलर ब्लाइंड लावणार असाल तर एवढे नक्की करा. त्याची साखळी किंवा दोरी बंद कडीची असते आणि ती मुलाच्या गळ्यात अडकू शकते. ती जमिनीपासून किमान पाच फुटांवर भिंतीला घट्ट अडकवून ठेवा. खिडकीखाली पलंग किंवा पाळणा ठेवू नका. शक्य असेल तर दोरीशिवायचाच प्रकार घ्या.

विदर्भातल्या वाचकांना नव्या पडद्यांपेक्षा वाळ्याचे पडदे अधिक कामाचे. कोरड्या हवेत ओल्या वाळ्यातून येणारा वारा खरोखर गार होतो. कोकणातल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे तिथे हाच पडदा फक्त बुरशी धरतो.

आता सोफा. नवे कापड चढवण्याआधी जुने कापड काढून आत पाहा. लाकडाला भुंगा लागला आहे का, बसकेखालचे ताणाचे पट्टे सैल झाले आहेत का, हे तपासा. पट्टा बोटाने दाबल्यावर खोल जात असेल तर तो बदला. सैल पट्ट्यावर कितीही भारी कापड चढवले तरी बसक सहा महिन्यांत खड्ड्यात जाते.

फोमच्या बाबतीत ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून हे सविस्तर सांगतो. दुकानात ‘४० डेन्सिटी’ म्हणतात त्याचा अर्थ एका घनमीटरला ४० किलो वजन. म्हणजे ही गोष्ट काट्यावर मोजता येते. २२ बाय २२ इंचांची आणि चार इंच जाडीची बसक ४० घनतेची असेल तर तिचे वजन सुमारे १ किलो २७० ग्रॅम भरते. ३२ घनतेची असेल तर साधारण १ किलो. ७०० ग्रॅमच्या आसपास भरली तर ती २२ च्या आतबाहेरची आहे, मग वर छाप काहीही असो. बसायला ४० आणि पाठीला ३२ घ्यावी. मात्र घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताला कडक लागणारा फोम हलका असू शकतो आणि तो लवकर बसतो. काही फोममध्ये वजन वाढवण्यासाठी खडूची भुकटी मिसळलेली असते. कापलेली कड बोटाने चोळून पाहा, पांढरी पूड हाताला लागली तर तो घेऊ नका.

याच मापाच्या सुट्या बसकेला ५४ इंच पन्ह्याचे कापड एक मीटर पुरते. वरचा आणि खालचा तुकडा शेजारी शेजारी निघतो, उरलेल्यातून बाजूची पट्टी आणि पायपिंग, म्हणजे कडेची गोल गोट. खोळ फोमपेक्षा अर्धा इंच लहान शिवायची, तरच कापड ताठ बसते. चेन मागच्या बाजूला लावून दोन्ही कोपऱ्यांवरून तीन-तीन इंच पुढे न्यायची. नाहीतर धुवायला काढलेली खोळ परत चढवताना शिवण उसवते. पूर्ण मढवलेल्या तीन आसनी सोफ्याला नऊ ते अकरा मीटर कापड लागते. मखमली कापड असेल तर सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवायला बजावा. एक तुकडा उलटा लागला तरी तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम कापड दमट हवेत खपल्या धरून सोलते. त्याचा वरचा लेप हवेतल्या ओलाव्याने विरघळत जातो आणि कोणत्याही पॉलिशने ते थांबत नाही. मुंबई-कोकणात त्याऐवजी घट्ट विणीचे कापड घ्या. कापड किती घर्षण सोसते याचा आकडा नमुन्याच्या पुस्तकात मागे छापलेला असतो. रोजच्या वापराला तो २५ हजारांच्या आसपास असावा.

गादीचे आता थोडक्यात. ६ बाय ३ फुटी कापसाच्या गादीत साधारण दहा किलो कापूस जातो. जुनी गादी पिंजायला देताना कापूस तुमच्यासमोर वजन करून द्या आणि पिंजल्यावर पुन्हा करा. धूळ आणि आखूड तंतू निघून वजन थोडे घटणारच. तेवढा नवा कापूस घालून घ्या. भरताना रंगीत धाग्यांचे तुकडे दिसले तर तो गिरणीतला टाकाऊ माल आहे, त्याच्या गाठी होतात. गादीपाट, म्हणजे गादीच्या खोळीचे कापड, घट्ट विणीचा हवा. टाके सहा ते आठ इंचांवर हवेत, विरळ टाक्यांत कापूस पायथ्याशी जमा होतो.

चादरींचा घोळ वेगळाच. ७२ बाय ७८ इंचांच्या, सहा इंच जाडीच्या गादीवर ९० बाय १०० ची तयार चादर घातली तर रुंदीत दुमडायला प्रत्येक बाजूला तीनच इंच उरतात, आणि ती रोज सकाळी सुटलेली सापडते. या गादीला १०० बाय १०६ ची चादर हवी. १०८ इंच पन्ह्याचे सुती कापड तीन मीटर घेतले तर आकसून आणि दुमडून तेवढी निघते. एका चौरस इंचात हजार धागे असल्याच्या जाहिरातींना भुलू नका. पिळाचे दोन-तीन पदर वेगवेगळे मोजून तो आकडा फुगवलेला असतो. आपल्या हवेत २०० ते ३०० धाग्यांची साधी सुती चादर चांगली. आणि पलंगपोस हवा असेल तर भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आपल्याच राज्यात विणली जाते. ती जड असते, सरकत नाही आणि धुऊन धुऊन मऊ होते.

वेळेचेही एक सांगायचे आहे. नवरात्रानंतर आमच्यापैकी कुणाकडेही शांतपणे माप घ्यायला सवड उरत नाही. पितृपक्षात खरेदी नको वाटत असेल तर त्या पंधरवड्यात मापे घेऊन ठेवा, नमुने घरी आणून सकाळच्या आणि दिव्याच्या उजेडात पाहा. घटस्थापनेला कापड घेतले तर भिजवायला, वाळवायला आणि शिवायला पुरेसे दिवस मिळतात.

आपणास दोन विनंत्या आहेत. पुरवणीतल्या प्रत्येक सजावटीच्या छायाचित्राखाली कापड किती मीटर लागले आणि पन्हा किती, एवढी एक ओळ छापावी. आणि दुकानदार बंधूंना आपल्या माध्यमातून सांगणे असे की बिलावर कापडाचा पन्हा, ते किती आकसते, फोमची घनता आणि गादीतल्या कापसाचे वजन लिहून द्यावे. आमच्यातल्या काहींनी हे सुरू केले आहे, आणि त्याला पावतीवरच्या दोन ओळींपेक्षा जास्त जागा लागत नाही.

आपले नम्र,
पडदे, सोफा व गादीकाम करणारे काही कारागीर
पुणे